खड्ड्यातली टेकडी

अहो, तुमची शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता आणि त्याला घातलेला हार सारखा घसरून तुमच्या नाकावर येत होता. एकेक जण उठला आणि बोलला. सर वेळेचे पक्के होते, सरांनी कुणावर हात उगारला नाही, सर उर्दूत शिकले पण मराठीत शिकवताना कधी अडखळले नाहीत. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं आणि बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तुम्ही किती अडखळत होतात ते मला विचारा म्हणावं. सगळं बोलून झालं, उभं राहून झालं, पण बुध ग्रहाचं नाव कुणी काढलं नाही. मला राग आला. माणूस जन्मभर एका गोष्टीपायी वेडा असतो आणि तो गेला की लोक नेमकी तेवढीच सोडून बाकीचं सांगतात.

म्हणून मी बोलते. रागानंच बोलते, तुम्हाला सवय आहे. त्या दिवशी दारातून जाताना तुम्ही म्हणालात, "आल्यावर सांगतो." आणि आला नाहीत. माझं उत्तर राहिलं. तिकडे तुमच्या आईला वेगळंच उत्तर पाहिजे होतं. आपला मुलगा घरी परत आला की तिकडेच माळावर राहिला, एवढं कळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही म्हणून बसल्या होत्या. ते कसं मिटलं ते तुम्हाला कळलं असेल तर चांगलंच. नसेल तर ऐका.

आपलं लग्न झालं त्याच सालात निजामाचं राज्य गेलं. लोकांनी पेढे वाटले आणि तुमच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता शाळेत सगळं मराठीत शिकवायचं होतं. तुम्ही हैदराबादला शिकलेले, भूगोल सगळा उर्दूत डोक्यात बसलेला. ज्वालामुखी म्हणायचं तर आधी आतिश-फिशाँ तोंडात यायचं. मग तुम्ही एक रीत पाडलीत. रोज दिवेलागणीला चुलीपुढे पाट टाकून बसायचं आणि उद्याचा धडा मला मराठीत सांगून बघायचा. अडलात की हात हवेत फिरवायचात, आणि मी भाकरी थापता थापता शब्द पुरवायची. गावातल्या पोरांनी जो भूगोल ऐकला तो आधी माझ्या चुलीपाशी शिजलेला आहे, हे शोकसभेत कुणी सांगायला पाहिजे होतं.

एका संध्याकाळी तुम्ही 'उतारिद' म्हणून अडलात. सूर्याच्या सगळ्यात जवळचा, सगळ्यात लहान, इतकं सांगितलंत, पण मराठी नाव येईना. मलाही येईना. तुमच्या आई, आत्याबाई, कोपऱ्यात वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नवग्रहात हिरवे मूग कुणाला लावतेत? त्योच असल. बुध." तुम्ही पाटावरून उठून त्यांच्या पाया पडलात. त्या दिवसापासून बुध आपल्या घरात राहायलाच आला.

काय काय सांगायचात त्याचं. तिथे मातीचा कण नाही, नुसता खडक. चंद्राहून थोडा मोठा, पण हातात घेता आला असता तर वजनाला जड लागला असता, आत लोखंड गच्च भरलेलं असावं. हवा जवळपास नाहीच, म्हणून आभाळ भर दुपारीही काळं. सूर्य आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसणार आणि त्याच्या शेजारीच चांदण्या. बुधाचा एकच गाल कायम सूर्याकडे, असं तुमच्या पुस्तकात होतं. त्या अंगाला शिसं ठेवलं तर पातळ होऊन वाहायला लागेल. दुसरं अंग कायम काळोखात, तिथे ऊन कधी गेलंच नाही. तिथल्या गारठ्याला काय म्हणावं ते तुम्हाला मराठीत सुचेना. उर्दूतही सुचेना.

"आणि दोन्हीच्या मधे एक पट्टा आहे," तुम्ही म्हणालात. "तिथे सूर्य जरासा वर येतो, परत बुडतो. परत वर येतो. कायमची दिवेलागण. राहायचं झालं तर तिथेच राहावं लागेल."

"माणसं हायत का रे तिथं?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई माय."

"गुरंढोरं?"

"न्हाई."

"झाडझुडूप, पाणी, वारा?"

"काहीच न्हाई. वारा न्हाई म्हणून आवाज बी न्हाई. तिथं हाक मारली तर शेजारच्यालासुदिक ऐकू येणार न्हाई."

आत्याबाईंनी वात खाली ठेवली. "मग कामून जायलास तिथं?"

"जायचं कुठं, माय? नुसतं बगायचं."

"लय बगू नको," त्या म्हणाल्या. "बगितलं की ओढ लागती."

तुम्ही हसलात. मीही हसले. आता ते हसणं आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

पिठाचं भांडण त्यानंतरचं. एके दिवशी तुम्ही परातीत ज्वारीचं पीठ मागितलंत. मला वाटलं नवराच भाकरी थापतो की काय. तुम्ही पीठ तळहातानं सारखं केलंत, परात जमिनीवर ठेवलीत आणि उभं राहून वरून खडा सोडलात. पीठ उडालं. माझी नुकती सारवलेली जमीन पांढरी झाली. मी म्हणाले, दळण काय तुमच्या शाळेतली पोरं दळतात का? तुम्हाला ऐकूच आलं नाही. तुम्ही उकिडवे बसून मला बोलावत होतात, "बघ, बघ. गोल खड्डा, काठ वर आलेला, भोवती पीठ फेकलेलं. बघितलंस?"

मग ते इंग्रजी पुस्तक काढलंत, पानं सुटलेलं. त्यात चंद्राचा फोटो होता. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखा सगळा खड्ड्यांनी भरलेला. तुम्ही म्हणालात, बुधाचा असा फोटो कुणाजवळच नाही. तो इतका लहान आणि सूर्याला इतका चिकटून, की मोठ्या दुर्बिणीतूनही नीट दिसत नाही. पण हवा नाही, पाणी नाही, तर तोही असाच असणार. आभाळातून दगड पडले असणार आणि खड्डे झाले असणार. झिजवायला वारा नाही, म्हणून जो खड्डा पडला तो कायमचा.

त्या वेळी चुलीवर पिठलं रटरटत होतं. मी तुमचा हात धरून तुम्हाला तिकडे नेलं. म्हटलं, हे बघा. फुगा वर आला, फुटला, गोल खड्डा पडला, काठ वर राहिला. वरून कुणी काही टाकलं का? आतून आलं. तुमच्या बुधाच्याही पोटात असंच काही शिजलं असेल.

तुम्ही कढईत इतका वेळ बघत बसलात की पिठलं खाली लागलं. मग हळू आवाजात म्हणालात, "मोठमोठ्या लोकांतसुद्धा हेच दोन पक्ष आहेत. अजून मिटलेलं नाही." आणि त्या दिवसापासून आपल्या घरात दोन पक्ष झाले. तुमचा वरून पडल्याचा, माझा आतून आल्याचा. दुसऱ्यांच्या घरात जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आपण खड्ड्यांवरून भांडलो, तेही अशा ठिकाणच्या, जिथे कुणी गेलं नाही आणि जाणारही नाही. शेजारची बाई एकदा भिंतीवरून विचारत होती, तुमचं काही भाऊबंदकीचं चाललंय का म्हणून.

मग मला ती टेकडी सापडली. चिमणीच्या उजेडात मी तुमचं पुस्तक बघत होते. चंद्राच्या मोठ्या खड्ड्यांच्या बरोबर मधोमध एकेक टेकडी होती. एकात नाही, पुष्कळांत. मी पुस्तक तुमच्या पुढे आपटलं. "तुमच्या खड्यानं टेकडी होते का?" तुम्ही परात मागितलीत. लहान खडा टाकलात, मोठा टाकलात, गारगोटी टाकलीत, पाटावर चढून टाकलात. खड्डा व्हायचा, तळाशी खडा पडलेला असायचा, टेकडी व्हायची नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आता माळवदावर चढ आन् तिथून टाक." तुम्ही खरंच माळवदाकडे बघितलंत.

मी म्हणाले, टेकडी आतून वर आलेली आहे, दुसरं काही नाही. तुम्ही परात माझ्याकडे सरकवलीत. "उत्तर सापडलं की सांगतो." त्यालाही आता वर्षं झाली.

मला चिडवायला तुम्ही माझ्या माहेराला मधे आणायचात. मी पोखर्णीची, नरसिंहाच्या गावची. "तुझ्या देवालाच विचार ना," तुम्ही म्हणायचात, "आत का बाहेर?" मी म्हणायची, आमच्या देवाला विचाराल तर तो म्हणेल, आत नाही, बाहेर नाही, उंबऱ्यावर. दिवसा नाही, रात्री नाही, दिवेलागणीला. तुम्ही म्हणायचात, म्हणजे तुमचा देव बुधाच्या त्या पट्ट्यावर राहतो. मग दोघंही हसायचो आणि जेवायला बसायचो. तुम्ही मला कधी अडाणी म्हणाला नाहीत. मी पोटभर भांडावं म्हणून तुम्ही मला पुस्तकातलं माझ्याच बाजूचं शोधून आणून द्यायचात. असा नवरा कुणाला मिळतो, हे मी तुम्हाला कधी तोंडानं सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

एकदाच मी तुमच्याबरोबर माळावर आले. आठवतं? गावाबाहेरचा तो काळा खडक, वर मूठभर माती नाही. तुम्ही त्याला तुमचा बुध म्हणायचात. बुध चार-आठ दिवसच मावळतीला दिसतो आणि परत सूर्याच्या उजेडात बुडतो, म्हणून मला ओढत नेलंत. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, तिन्हीसांजेला बाईमाणसाला घिऊन तिकडं जाऊ नको. तुम्ही ऐकलं नाहीत.

चालताना सांगत होतात की हा सगळा खडक कधीकाळी पातळ होता. जमिनीतून रस आला, पसरला, थिजला. मग परत आला, त्याच्यावर पसरला. थरावर थर. आपल्या रानातली काळी माती म्हणजे तोच खडक झिजून झालेली. मी तिथेच थांबले. म्हटलं, मग आतूनच आलं ना? तुम्ही म्हणालात, "मानलं. पण इथलं इथे." खडकाला बारीक भोकं होती, त्या रसातले बुडबुडे तसेच थिजलेले. काहींत पांढऱ्या-हिरव्या गारा धरलेल्या. मी एका भोकात बोट घातलं. खडक दिवसभर तापलेला, बोट भाजलं.

सूर्य गेला. तुम्ही बोट दाखवलंत. क्षितिजाच्या जरा वर, धुरकट लालीत, एक ठिपका थरथरत होता. एवढंसं ते. इतक्या वर्षांचं भांडण आणि ते एवढ्याशा ठिपक्यावरून. मी बोलणार होते, पण तुम्ही हात वर केलात.

"ऐक."

कुठेतरी टक् असा आवाज झाला. मग दुसरीकडे. मग आपल्या पायाखाली. चहूबाजूंनी बारीक टकटक चाललेली, आणि माळावर तर कुणीच नव्हतं.

"दगड बोलायलेत," तुम्ही म्हणालात. शाळेत मराठी कितीही नीट बोललात तरी असं काही दिसलं की तुमच्या तोंडी आपली बोली यायची. "दिवसभर तापले, आता निवायलेत. निवताना तडकतेत. बुधावर तर केवढे तडकत असतील. पण तिथं ऐकायला येणार न्हाई. डोंगर फुटला तरी गपचूप."

मला थंडी वाजली. वैशाखात, तापलेल्या खडकावर उभी राहून. मी म्हणाले, घरी चला. तुम्ही म्हणालात, थोडं थांब. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. तुमच्या तोंडावर मावळतीचा तो उजेड होता आणि डोक्याच्या मागची बाजू काळोखात. मी तुमचा हात धरला, तो खडकासारखा गरम होता. त्यानंतर मी परत कधी तिकडे आले नाही. तुम्ही एकटेच जात राहिलात.

लोणारचं तळं दाखवतो म्हणाला होतात. तो केवढा गोल खड्डा आहे म्हणे, आणि तो कशानं पडला यावरही लोक भांडतात. जिंतुरावरून जाऊ, दोन रोज मुक्काम करू, पाण्याच्या मधोमध टेकडी आहे का बघू. दर सुट्टीत जायचं ठरायचं. मी एकदा दशम्याही केल्या होत्या. त्या आपण घरीच खाल्ल्या.

त्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी तुम्ही अंगणात रांजणापाशी बसला होतात. रांजण पाझरतो, खाली फुफाटा, त्यात थेंब थेंब पडत असतो. मी दोनदा येऊन गेले, तुम्ही तिथेच. मान खाली, हलत नव्हता. मी म्हणाले, डोक्याला फडकं तरी बांधा, ऊन लागेल. तुम्ही वर बघितलंत आणि असे हसलात, जसे आत्याबाईंनी बुधाचं नाव सांगितलं तेव्हा हसला होतात.

"जमलं," तुम्ही म्हणालात.

"काय जमलं?"

"तुझी टेकडी."

"मग सांगा."

"आल्यावर सांगतो. आज बुध दिसेल. चार रोजांनी बुडेल."

तुम्ही टोपी घातलीत आणि गेलात. मी हट्ट धरला असता तर तुम्ही उभ्या उभ्या सांगितलं असतं. पण तव्यावर भाकरी होती.

दिवे लावले आणि मसाजी आला. मसाजी म्हणजे आपल्याकडे लोकर द्यायचा तोच धनगर, माळाच्या कडेला मेंढरं चारतो. दारात उभा राहिला, पागोटं काढलं. मग बोलला.

"वहिनी, मास्तर बसलेत. पाठ खडकाला लावून बसलेत, तोंड मावळतीला. मी लांबून राम राम घातला. बोलेनात. मला वाटलं त्यांचं बगणं चाललंय. मग माझी मेंढरं बगितली, वहिनी. सगळी चरायची थांबली आन् मास्तरांच्या भवती गोल उभी राहिली. एकबी वरडंना. मी हुसकून हुसकून बेजार, हलंनात."

"तू जवळ होतास. त्यांनी हाक मारली नाही?"

"मी धोंडा फेकल्यावर पडंल एवढ्या अंतरावर व्हतो. हाक न्हाई ऐकू आली. काहीच ऐकू आलं न्हाई. आज दगडंबी वाजली न्हाईत."

हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते. तुम्ही हाक मारली होती का? मारली असेल आणि ती तिथल्या तिथेच राहिली असेल, या विचारानं माझी झोप गेली आहे.

जिंतूरचे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आतून दुखणं होतं, कळलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, बाहेरचं लागलं. गावानंही दोन्हीकडून माना हलवल्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या मनात आलं, बघा, हे तुमच्यावरही भांडायला लागले, आतून की बाहेरून.

मी रडले नाही. बायका कुजबुजल्या. मला रडू येतच नव्हतं. डोळ्यांत नुसता फुफाटा भरलेला. आत्याबाईंनी वेगळंच धरलं. ज्याला घराबाहेर मरण आलं तो घरात परत येत नाही, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. तिथेच फिरत राहतो. तुमचा ताडकळसचा चुलतभाऊ दहाव्याला नदीवर जाऊन आला, कावळा शिवला म्हणाला, पण आत्याबाईंनी काही ते स्वतः बघितलं नव्हतं. "पीठ पसर," त्या मला म्हणाल्या. "पाऊल दिसलं तर मी जेवीन. न्हाई तर माझं लेकरू त्या खडकावर बसलंय, आन् मी हितं भाकर खाऊ?" पाण्याचा घोट आणि गुळाचा खडा, याच्यावर होत्या त्या. हात काडीसारखे झाले होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असं चाललं तर याही जातील.

पीठ पसरायचं आणि गेलेला त्यावर पाऊल ठेवून जातो, हे तुम्हाला कधी पटलं नाही. मामंजी गेले तेव्हा पिठावर पाखराचा पाय उमटला आणि तुम्ही माझ्या कानात म्हणालात, झुरळ. ते आत्याबाईंनी ऐकलं. किती तरी दिवस बोलल्या नाहीत तुमच्याशी. पण मला एकटीला तुम्ही असंही म्हणाला होतात की बुधावर असं पीठ पसरलं आणि त्यावर पाय ठेवला, तर ते पाऊल पृथ्वी संपेपर्यंत तसंच राहील. पुसायला कुणीच नाही.

पीठ कुठे पसरायचं यावरून परत वाद. आत्याबाई म्हणाल्या, चुलीपाशी, त्याच्या जागेवर. तुमचा चुलतभाऊ म्हणाला, बाहेर गेला तर बाहेर. मी कुणाला विचारलं नाही. उंबऱ्याला लागून पसरलं. आत नाही, बाहेर नाही.

दहाव्याची दिवेलागण होती. मीच दळलं, मीच चाळलं, मीच तळहातानं सारखं केलं, तुम्ही करायचात तसं. आत्याबाईंचा हात कापतो म्हणून त्यांना भिंतीपाशीच बसवलं. एका कडेला पणती ठेवली. वाकून नीट बघितलं, पिठावर एक रेघ नव्हती. खरं सांगते, त्या वेळी मनात आलं, बोटानं एक पाऊल काढावं. पाखराचं सोपं असतं, तीन रेघा पुढे, एक मागे. म्हातारी जेवेल. त्यांना मोतीबिंदूमुळे काही दिसणार नव्हतं, मी तोंडानं सांगितलं तरी भागलं असतं. बोट पुढे केलंही. मग वाटलं, तुम्ही इतकी वर्षं परातीपुढे बसलात, पण एकदाही बोटानं टेकडी केली नाहीत. मी हात मागे घेतला, टोपली पालथी घातली आणि मांजर येईल म्हणून वर वरवंटा ठेवला.

झुंजूमुंजू झालं तेव्हा आत्याबाई जाग्याच होत्या. "बग," म्हणाल्या. वरवंटा ठेवला होता तिथेच होता, तो मी उचलला. टोपली काढली. पणती विझली होती, जागची हलली नव्हती.

पाऊल नव्हतं. पाखराचं नव्हतं, गाईचं नव्हतं, माणसाचं नव्हतं. मधोमध एक खड्डा होता, रुपयाएवढा. गोल, काठ वर आलेला, भोवती पीठ बारीक फेकलेलं. आणि खड्ड्याच्या मधोमध एक टेकडी होती.

मी खाली बसले. तेलाचा डाग शोधला, नव्हता. मुंगीचं बीळ शोधलं, नव्हतं. खडा नव्हता. माझ्या कानांत एकाएकी काहीच ऐकू येईना. कोंबडा नाही, जातं नाही, आत्याबाईंचा श्वास नाही. माळावर उभी असल्यासारखं झालं.

"काय उमटलं?" आत्याबाई केव्हापासून विचारत होत्या कुणास ठाऊक.

मी त्यांच्याशी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. "आत्याबाई, पाऊल नाही. खड्डा आहे."

"कोणता खड्डा? तुमच्या भांडणातला?"

"हो."

इतकी वर्षं कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या, मला वाटायचं त्यांचं लक्ष नसतं.

"मधी टेकडी हाय?"

"आहे."

त्यांनी डोळे पुसले आणि भिंतीला धरून उठल्या. "मग आला व्हता त्यो," म्हणाल्या. "घरापतुर आला व्हता. भाकर टाक मला. आन् पिठलं कर, पातळ."

मी चूल पेटवली. परात ओढली, पीठ घेतलं, आळं करायला वाकले. आणि काय झालं कुणास ठाऊक, भाकर टाक हे शब्द ऐकून की काय, माझ्या डोळ्यांतून एक थेंब खाली पडला. तुम्ही गेल्यापासूनचा पहिला. तो परातीत पडला. पिठात खड्डा झाला, काठ वर आले, आणि थेंबाला धरून पीठ मधोमध उभं राहिलं. इवलीशी टेकडी. मग दुसरा थेंब पडला, दुसरा खड्डा, दुसरी टेकडी. मी रडत होते आणि बघत होते.

रांजणापाशी तुम्ही का हसलात ते मला तेव्हा कळलं. थेंब वरून पडला होता आणि माझ्या आतून आला होता. वरून घाव बसतो आणि खालचं त्याला उठून सामोरं येतं, असंच काहीतरी तुम्ही मला सांगणार होतात ना? मी मान हलवली असती. एकदा तरी म्हणाले असते की तुमचंही खरं. भाकरी त्याच पिठाची केली. आत्याबाईंनी चतकोर खाल्ली, मग अजून मागितली, आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं.

आपलं भांडण मिटलं असं समजा. पण एक राहिलं, आणि ते मला एकटीला पेलत नाही. पीठ पसरताना माझे डोळे कोरडे होते. आत्याबाई भिंतीपाशी होत्या, त्यांना मी पिठाला हात लावू दिला नाही. टोपली पालथी होती आणि वर वरवंटा होता, तो सकाळी मीच काढला. मग टोपलीखाली कोण रडलं, तेवढं एकदा उंबऱ्यापर्यंत येऊन सांगून जा.